भेगाळलेल्या तळ्यावर पाय कुठे ठेवावा?

जंगलातली पाऊलवाट कोणत्या ऋतूत सर्वांत अवघड असते, असे विचारले तर तुमच्यापैकी बहुतेकजण ‘पावसाळ्यात’ असे उत्तर द्याल. चिखल, शेवाळलेले दगड, दुथडी भरलेले नाले! उत्तर चूक नाही. पण पावसाळ्यातली वाट आपला धोका लपवीत नाही. निसरडे आहे हे डोळ्यांना दिसते, म्हणून आपण जपून पाऊल टाकतो. उन्हाळ्यातली वाट मात्र कोरडी, मोकळी आणि निरुपद्रवी दिसते. आपण बेफिकीर होतो आणि फसतो. मी स्वतः असा एकदा फसलो आहे. पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्याची वीस वर्षे घालवूनही फसलो! ती हकिकत पुढे येईलच. आधी आपण त्या वाटेवरून एक फेरी मारू या.

तळ्यांचा प्रदेश

ही वाट पूर्व विदर्भातली, नवेगावबांधच्या परिसरातली आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. मालगुजारांच्या काळात ते बांधले गेले. ही कामे करण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची पहिली अक्षरे जोडून आता त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. त्यांच्याहून लहान तळ्याला या भागात ‘बोडी’ म्हणतात.

या तलावांची रचना अगदी साधी आहे. जमिनीच्या मंद उतारावर मातीची एक पाळ आडवी घालायची. उतारावरून येणारे पावसाचे पाणी तिला अडते. त्यामुळे पाळीजवळ पाणी खोल असते आणि समोरच्या बाजूला ते उथळ होत होत जमिनीला मिळते. हा उथळ काठ लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, तोच आहे.

आपली वाट गावच्या तलावाच्या पाळीवरून सुरू होते, सागाच्या टेकाडावर चढते, एक नाला ओलांडते, जंगलातल्या बोडीला वळसा घालते आणि परत गावात येते. अंतर सहा-सात किलोमीटर. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात असे पायी हिंडता येत नाही. ही वाट गावालगतच्या जंगलातली आहे आणि इथेही वनखात्याची परवानगी व गावातला जाणता माणूस सोबत हवाच. उन्हाळ्यात पाणी थोड्या ठिकाणी उरते, त्यामुळे सगळे प्राणी त्याच ठिकाणी येतात, विशेषतः पहाटे आणि संध्याकाळी. म्हणून नीट उजाडल्यावर निघायचे आणि दहाच्या आत घरी यायचे.

खोडाची सावली खोडातच

दहाच्या आत का? वर्तमानपत्रात ‘कमाल तापमान ४४ अंश सेल्सिअस’ असे आपण वाचतो. हे तापमान कुठले? वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा ते दीड मीटर उंचीवर, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. तुमचा पाय मात्र उघड्या, उन्हात भाजलेल्या जमिनीवर पडतो. मे महिन्यातल्या दुपारी कोरड्या मातीच्या पृष्ठभागाचे तापमान ६० अंशांच्याही वर जाऊ शकते.

‘पण जंगलात सावली असते ना?’ असे तुम्ही म्हणाल. हे पानझडीचे जंगल आहे. पानांतून वाफेच्या रूपाने पाणी बाहेर जाते. पाणी मिळत नसताना हा खर्च झाडाला परवडत नाही, म्हणून साग आपली मोठाली पाने गाळून टाकतो. शिवाय या अक्षांशावर मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस असा येतो, की माध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर असतो. सरळ उभ्या खोडाची सावली खोडाच्या बुंध्यातच राहते! सावली मिळते ती नाल्याकाठच्या जांभळाखाली आणि करंजाखाली. त्यांच्या मुळांना अजून ओल मिळत असते, म्हणून त्यांनी पाने राखलेली असतात. दुरून टेकाड पाहिले, की तपकिरी जंगलात एक हिरवी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे नाला. पाणी कुठे आहे हे झाडे आपल्याला लांबूनच सांगतात.

टेकाडाचा उतार

टेकाडावर चढताना त्रास होत नाही, उतरताना होतो. वाटेवर मुरूम असतो आणि त्यावर सागाच्या वाळक्या पानांचा थर. सायकलच्या चाकातले छर्रे तुम्ही पाहिले असतील. दोन पृष्ठभागांमध्ये गोल छर्रे ठेवले, की घसरण्याऐवजी घरंगळणे सुरू होते आणि विरोध फारच कमी होतो. मुरमाचे सुटे खडे तुमच्या चपलेखाली हेच काम करतात. पावसाळ्यात हेच खडे ओल्या मातीत रुतून बसलेले असतात. मातीतले पाणी गेले, की त्यांना धरून ठेवणारे काही उरत नाही. वरून पानांनी झाकल्यामुळे खडे दिसतही नाहीत. म्हणून इथे पावले लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकवावेत आणि पाय आधी टेकवून मगच भार द्यावा. आणखी एक गोष्ट. वाळलेले पान पातळ असते, ते क्षणात तापते आणि क्षणात पेटते. या वाटेवर काडेपेटीचे काम नाही.

नाल्यातली रेती

आता नाल्यात उतरू. पाणी नाही, फक्त रेती आहे. तिच्यात पाय घोट्यापर्यंत जातो आणि प्रत्येक पाऊल मागे सरकते. शंभर पावलांत दम लागतो. पण नाल्याच्या वळणावर, जिथे रेती किंचित ओलसर आणि गडद रंगाची आहे, तिथे चालून पाहा. जमीन टणक लागते! आणखी पुढे, जिथे रेतीत पाणी साचले आहे, तिथे पाय पुन्हा रुततो.

रेती तीच, मग वागणूक तीन प्रकारची का? कोरड्या रेतीचे कण एकमेकांना नुसते टेकलेले असतात. भार पडला, की बाजूला सरकतात. थोडे पाणी असले, की दोन कणांच्या मधल्या फटीत पाण्याचा एक छोटा पूल तयार होतो. पाण्याच्या पृष्ठताणामुळे हे पूल कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. समुद्रकाठी किल्ला करताना तुम्ही ओलसर वाळूच घेता, ती यासाठीच. पण पाणी जास्त झाले, की सगळ्या फटी भरून जातात. पाण्याला कणांच्या मधे पृष्ठभागच उरत नाही. पृष्ठभाग नाही, मग पृष्ठताण कुठला? ओढून धरणारे पूल नाहीसे होतात आणि कण सुटे होतात.

तेव्हा हे सूत्र ध्यानात ठेवा: पाणी नाही तर सुटे, बेताचे असेल तर पक्के, जास्त झाले तर पुन्हा सुटे. पाऊलवाटेच्या अवस्थेचा प्रश्न म्हणजे बऱ्याच अंशी कणांच्या मधल्या पाण्याचा प्रश्न असतो.

रोज मागे सरकणारा काठ

नाला ओलांडून आपण बोडीपाशी आलो. पावसाळ्यात वाट पाण्याच्या काठाकाठाने जाते. आता तो काठ कितीतरी दूर गेला आहे. किती दूर? याचा हिशेब करता येतो.

उन्हाळ्यात या भागातल्या उघड्या पाण्यातून दिवसाला अंदाजे ८ ते १० मिलिमीटर पाण्याची वाफ होते. सोयीसाठी एक सेंटिमीटर धरू. एक सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण दहा हेक्टरांच्या तलावातून एक सेंटिमीटर पाणी उडाले, तर ते होते एक हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर. तेही एका दिवसात!

आता उथळ काठाकडे या. समजा, तळाचा उतार शंभरास एक आहे, म्हणजे शंभर मीटर चालल्यावर एक मीटर खोली मिळते. मग पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली, की काठ एक मीटर मागे सरकणार. रोज एक मीटर! पाण्यापासून दहा मीटरवर तुम्ही उभे असाल, तर ती जमीन उघडी पडून फक्त दहा दिवस झाले आहेत. चाळीस मीटरवर असाल तर चाळीस दिवस. म्हणजे बोडीचा उघडा तळ हे एक कॅलेंडर आहे. पाण्याकडे टाकलेले प्रत्येक मोठे पाऊल तुम्हाला जवळजवळ एक दिवस मागे नेते, आणि प्रत्येक पावलागणिक खालची जमीन कमी वाळलेली असते.

चिखलावरची साय

तळ्याचा गाळ रेतीसारखा नसतो. त्यात चिकणमाती असते. तिचे कण अतिशय बारीक आणि पत्र्यासारखे चपटे असतात आणि त्यांच्या थरांमध्ये भरपूर पाणी मावते. पाणी गेले, की चिकणमाती आकसते. वरचा थर आकसू पाहतो, पण खालचा ओला थर त्याला सरकू देत नाही. ओढाताण वाढते आणि शेवटी माती फाटते. याच त्या भेगा.

भेगा नीट पाहा. त्यांनी जमिनीवर पाच-सहा बाजूंच्या फरश्या आखलेल्या दिसतात. काही फरश्यांच्या कडा उन्हात वाळत घातलेल्या पापडासारख्या वर वळलेल्या असतात. कारण फरशीची वरची बाजू अधिक वाळते, म्हणून अधिक आकसते. एक नियमही दिसतो. वाळलेला थर जितका जाड, तितक्या मुख्य भेगा एकमेकींपासून दूर आणि रुंद. तळहाताएवढ्या लहान, वळलेल्या कडांच्या फरश्या दिसल्या, तर समजावे की फक्त वरचा पापुद्रा वाळला आहे. दोन-दोन वितींच्या फरश्या आणि मूठ जाईल अशा भेगा असतील, तर जमीन खोलवर वाळली आहे.

पण एवढे कडक ऊन असताना खालचा चिखल आठवडेच्या आठवडे ओला राहतोच कसा? मातीतले पाणी बारीक नळ्यांसारख्या फटींतून केशाकर्षणाने वर चढते आणि पृष्ठभागावर त्याची वाफ होते. वरचा थर पूर्ण वाळला, की तिथल्या फटींत पाण्याऐवजी हवा भरते आणि वर चढण्याची ही साखळी तुटते. पुढे वाफेला कोरड्या थरातून हळूहळू झिरपतच बाहेर पडावे लागते. म्हणजे वाळलेला थर हा खालच्या ओलीवरचे झाकण बनतो. आपले शेतकरी हे तत्त्व पूर्वापार वापरत आले आहेत. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे ते म्हणतात. कोळपणीने वरची माती भुसभुशीत केली, की खालची ओल टिकते. शेतात जे झाकण पिकाला वाचवते, तेच तळ्याच्या तळावर आपल्याला फसवते. दुधावर साय धरते, पण सायीखाली दूध दूधच असते!

माझी चूक

आता ती हकिकत. काही वर्षांपूर्वी मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी शाळेतल्या अकरा मुलामुलींना घेऊन याच वाटेने गेलो होतो. बोडीपाशी पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. पाण्यात करकोचे उभे होते. नववीतल्या एका मुलाने विचारले, ‘सर, थोडं जवळ जाऊन बघू?’ तळ भेगाळलेला होता. मी म्हणालो, ‘जा. भेगा पडल्यात म्हणजे वाळलेलंच आहे.’

तीस-चाळीस पावले तो आरामात गेला. मग वरचा थर पापडासारखा मोडला आणि तो मांडीपर्यंत खाली गेला. दुसरा पाय काढायला त्याने जोर लावला, तर तोही रुतला. मी त्याच्याकडे धावलो. दहा पावलांवर माझाही पाय गुडघ्यापर्यंत गेला तेव्हा माझे डोके ठिकाणावर आले.

आमच्या सोबत गावातले एक वयस्क ढीवर होते. सारा जन्म तलावांत मासे धरण्यात गेलेला. ते पाळीवरून शांतपणे म्हणाले, ‘गुरुजी, वरतून वाळलं हाये, खालून नाही. तुम्ही मागं या.’ आणि मुलाला म्हणाले, ‘बाबू, ओढू नको. मागं रेल. पाठ टेक.’ मग ते स्वतः दोन लांब बांबू आडवे टाकत, त्यांवर ओणवे होऊन सरकत त्याच्यापर्यंत गेले. ‘आता एकच पाय हालव. हळू. टाच वर कर.’ मुलगा बाहेर यायला पाऊण तास लागला. तोवर ऊन चढले होते, त्याचे ओठ सुकले होते आणि हातपाय थरथरत होते. सावलीत निजवून, मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे पाजून, ओल्या दुपट्ट्याने अंग पुसून आम्ही त्याला सावरले. तो बरा झाला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. मी त्याला चूक उत्तर दिले होते, आणि ते अगदी खात्रीने दिले होते.

बाबांचे म्हणणे बरोबर का?

त्या वृद्ध गृहस्थांची प्रत्येक सूचना पदार्थविज्ञानाच्या नियमांत बसणारी होती. तपासून पाहू.

‘पाठ टेक.’ मुलाचे वजन ४५ किलोग्रॅम. एका पायावर भार असताना तळव्याचे क्षेत्रफळ सुमारे १५० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ३०० ग्रॅम भार. आडवे झाल्यावर तोच भार चार हजार चौरस सेंटिमीटरवर पसरला, तर तो जेमतेम ११ ग्रॅम उरतो. दाब पंचविसाव्या हिश्श्याहूनही कमी झाला! बांबूंचा उपयोगही हाच.

‘ओढू नको.’ चिखलात पाय वर ओढला, की तळव्याखाली पोकळी होऊ पाहते. चिखल दाट असल्याने तिथे हवाही चटकन शिरत नाही आणि पाणीही. वरून मात्र वातावरणाचा दाब असतोच, दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलोग्रॅम भार. तळव्याखाली संपूर्ण पोकळी झाली असे धरले, तर १५० चौरस सेंटिमीटरच्या तळव्यावर हा भार १५० किलोग्रॅम होईल. प्रत्यक्षात तो इतका होत नाही, पण पाय उपटू न देण्याइतका नक्कीच होतो. शिवाय एक पाय ओढताना सगळा भार दुसऱ्या पायावर जातो आणि तो आणखी खोल जातो.

‘हळू हालव, टाच वर कर.’ पाय हलवला, की भोवती फट होते. तिच्यातून पाणी आणि हवा खाली शिरतात, पोकळी भरते आणि पाय सुटतो.

चिखलाची घनता पाण्याहून अधिक असते, म्हणून माणूस त्यात डोक्यासकट बुडत नाही. खरा धोका आहे तो अडकून पडण्याचा, आणि तोही मे महिन्याच्या उन्हात. इथे दुसरी एक फसवी कोरड असते. विदर्भातल्या कोरड्या हवेत घाम आल्याबरोबर उडून जातो. सदरा भिजत नाही, म्हणून ‘मला घामच येत नाही’ असे वाटते. प्रत्यक्षात भर उन्हात चालताना तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीरातून जाऊ शकते. प्रत्येक ग्रॅम घाम वाफ होताना सुमारे २४०० जूल उष्णता घेऊन जातो. घरचा कूलर मे महिन्यात हवा थंड करतो तो याच तत्त्वाने. पण कूलरची टाकी रिकामी झाली तर? म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला पाणी प्यावे. या फेरीसाठी प्रत्येकाजवळ निदान तीन लिटर पाणी असावे.

काठीची परीक्षा

आता मी बोडीपाशी मुलांना चार गोष्टी सांगतो. पहिली, वळसा घालायचा तो पाळीवरून किंवा झाडांच्या रेषेतून. तळावर उतरायचेच असेल, तर मोठ्या माणसाबरोबर आणि हातात बांबूची काठी घेऊन. दुसरी, भेगेत काठी खुपसायची. ती हातभर खाली जाऊन कोरडी वर आली तर ठीक. टोकाला ओला गाळ लागला तर परत फिरायचे. तिसरी, रंग पाहायचा. मातीच्या कणांमध्ये पाणी असले, की आपल्याकडे परत येणारा प्रकाश कमी होतो आणि माती गडद दिसते. भेगेच्या आत गडद रंग दिसला, की खाली ओल आहे. चौथी, म्हशींच्या खुरांचे ठसे पाहायचे. म्हशीच्या खुराचा दाब तुमच्या पायाच्या दाबापेक्षा पुष्कळ जास्त असतो. ताजा ठसा बोटभरच खोल असेल, तर ती जागा तुमचाही भार सोसेल. ठसा कोपरभर खोल असेल, तर म्हशीने तुम्हाला उत्तर दिलेलेच आहे. मात्र अवकाळी पाऊस पडून गेला असेल, तर जुन्या ठशांवर विसंबू नये.

घरी करून पाहा

एका बादलीत तळ्याचा किंवा शेतातला चिकण गाळ आणि पाणी कालवून दाट चिखल करा आणि उन्हात ठेवा. रोज एक काडी खुपसून वाळलेल्या थराची जाडी मोजा व वहीत लिहा. पहिल्या काही दिवसांत ती भराभर वाढेल. पुढे वाढीचा वेग का मंदावतो, याचे उत्तर तुम्ही आता देऊ शकाल. भेगांमधले अंतरही मोजा आणि जाडीशी त्याचा काही संबंध लागतो का ते पाहा.

गावात तलाव असेल, तर मोठ्यांच्या सोबतीने पाण्याच्या काठाशी एक खुंटी रोवा. आठ दिवसांनी काठ खुंटीपासून किती दूर गेला ते मोजा. त्यावरून आणि तळाच्या उतारावरून पाण्याची पातळी रोज किती उतरली ते काढा. आमच्या शाळकरी मित्रांनी आता दरवर्षी हे मोजमाप सुरू केले आहे. चिखलात रुतलेला तो मुलगा पुढची दोन वर्षे त्यांचा म्होरक्या होता. काठी तोच पुढे धरत असे.